शनिवारची मैफल आणि उदगीरची जीप

सरकारने कर्मचाऱ्यांना आठवड्याला दोन दिवस सुट्टी दिली, पण त्या दोन दिवसांचं करायचं काय, याचं परिपत्रक काही काढलं नाही. त्यामुळे लातूरच्या पाटबंधारे खात्यातली निम्मी माणसं शनिवारी घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतात आणि उरलेली निम्मी सोमवारची वाट बघतात. तनुजा या दोन्हींत बसत नव्हती. शुक्रवारी ऑफिस सुटलं की ती पिशवी घेऊन स्टँडवर उभी राहायची, अहमदपूर-लोहा करत नांदेड गाठायची आणि दोन दिवस आईजवळ राहायची. आईला एकटीनं राहायची सवय नव्हती म्हणून, असं ती ऑफिसात सांगे. आई शेजारणींना सांगे, की पोरीला एकटीनं राहवत नाही म्हणून येते. दोघींचंही खरं मानायला हरकत नव्हती.

बापूसाहेब, म्हणजे तनुजाचे वडील, जाऊन आठ महिने झाले होते. उभा जन्म त्यांनी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्की केली. त्यांच्या काळी शनिवारीही ऑफिस असे. ते संपवून आले की अंघोळ करायची, धुतलेला पायजमा घालायचा, पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचं आणि गाणं लावायचं. कव्वाली, गझल, मध्येच एखादी ठसक्याची लावणी. "हप्ताभर साहेबाचं ऐकलं, आता जरा माणसाचं ऐकू," असं ते म्हणत. रिटायर झाल्यावर ऐकायला साहेब उरला नाही, तरी शनिवार चुकला नाही.

आता शनिवारी संध्याकाळी त्या घरात फ्रिजचा आवाज ऐकू येई. तनुजाला एवढंच हवं होतं, की एका शनिवारी आईच्या शेजारी बसावं आणि घरात गाणं लागावं. मागणी म्हणाल तर अर्जाच्या एका ओळीत बसेल एवढी.

तिने तसा प्रयत्न करून पाहिला होता. एका शनिवारी मोबाईलवर गाणं लावून तो तिने टेबलावर ठेवला. पहिला अंतरा सुरू व्हायच्या आत शेजारच्या अंगणातून खोकला आला. तो विरूपाक्षअप्पांचा खोकला होता. अप्पा निवृत्त हेडमास्तर. चाळीस वर्षं वर्गाबाहेर उभं राहून त्यांनी हा खोकला कमावला होता. त्यात "काय चाललंय" पासून "पालकांना घेऊन ये" पर्यंत सगळं येई. विमलबाईंनी उठून मोबाईल उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "बंद कर बाई. वर्ष न्हाई झालं अजून."

वर्ष होईपर्यंत घरात सणाची कढई चढत नाही, गोडधोड नाही आणि गाणं-बजावणं तर नाहीच. शेजाऱ्यांच्या टीव्हीतली गाणी भिंतीतून आली तर मात्र चालतात, कारण दुखवट्याची हद्द आपल्या भिंतीपर्यंत. अप्पा स्वतः लिंगायत. त्यांच्यात सुतक पाळायचं नसतं, हे त्यांनीच बापूसाहेबांना अनेकदा अभिमानाने सांगितलं होतं. पण दुसऱ्याचं सुतक पाळण्याला त्यांची कधीच हरकत नसे.

यावर तोड काढली उज्वलाताईंनी. उज्वलाताई वरच्या मजल्यावर भाड्याने राहत आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. कुणी नुसतं "डोकं दुखतंय" म्हटलं तरी त्या बालपणापासून सुरुवात करत. त्यांनी तनुजाचं सगळं ऐकून घेतलं, संगीत हा शोकावरचा उपचार आहे असं परदेशात सिद्ध झाल्याचं सांगितलं आणि मग अस्सल नांदेडचा सल्ला दिला. घरात नुसतं गाणं ऐकलं तर लोक त्याला चैन म्हणतात. तेच बाहेर खुर्च्या मांडून ऐकलं तर त्याला संस्कृती म्हणतात. तेव्हा तनुजाने कार्यक्रम करावा. छोटासा. अंगणात. वीस माणसं, चहा आणि फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला.

तनुजाला हे पटलं, यातच पुढच्या सगळ्याचं बी होतं. सरकारी नोकरीत माणसाला एक वाईट सवय लागते. कुठलीही गोष्ट नियमात बसवून दाखवली, की ती झालीच असं त्याला वाटू लागतं.

गाणारा शोधायला लांब जावं लागलं नाही. तिच्याच ऑफिसातला यज्ञेश हा कनिष्ठ अभियंता गझला गायचा. गायचा म्हणजे, साहेबांच्या निरोप समारंभात गायचा. त्यामुळे त्याच्याकडची यच्चयावत गाणी ताटातुटीची होती. तनुजाने त्याला चारचारदा बजावलं, की हा शोकाचा कार्यक्रम नाही, आठवडाभर राबून दमलेल्या माणसांनी शनिवारी बसून ऐकायची गाणी हवीत, जरा मोकळी, जरा खुशीची. यज्ञेशने मान डोलावली आणि घशाला जपण्यासाठी त्या क्षणापासून बोलणं बंद केलं. कार्यक्रमाला अजून पंधरवडा होता. तेवढे दिवस तो ऑफिसात कागदावर लिहून बोलत होता आणि साहेब त्याच्यावर विलक्षण खूश होते.

अंगणामागे एक मंगल कार्यालय होतं. त्यातल्या डीजेपुढे माणसाच्या गळ्याचा निभाव लागणं शक्य नव्हतं, म्हणून एक लहानसा स्पीकर ठरला. स्पीकर म्हटला की परवानगी आली. तनुजा शनिवारी सकाळी पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदाराने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि कार्यक्रमाचं कारण विचारलं. कारण तर तिने लिहिलंच होतं. 'आठवड्याचं काम संपल्याबद्दल संगीताचा कार्यक्रम.' हवालदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, आठवडा तर दर आठवड्याला संपतो."

हे खरंच होतं. त्याच्याकडे लग्न, वाढदिवस, जयंती, राजकीय आणि धार्मिक एवढीच कारणं होती. त्यातलं कुठलंही घ्या, त्याची ना नव्हती. वाढदिवस लिहा, हा त्याचा आग्रह, कारण वाढदिवसाला कुणी पुरावा मागत नाही. तनुजा म्हणाली, की घरात वाढदिवस साजरा करण्यासारखी परिस्थिती नाही. मग धार्मिक लिहा, तो म्हणाला. सोबत शेजाऱ्यांचं ना-हरकत आणा. आणि आधारची झेरॉक्स. आणि ती खालीवर दोन्ही बाजूंनी. तनुजा हे सगळं निमूट ऐकत होती, कारण नेमक्या याच चालीवर ती स्वतः रोज लोकांना परत पाठवत असे. फक्त काउंटरच्या या बाजूने ती चाल किती बेसूर लागते, हे तिला आजवर कळलं नव्हतं.

ना-हरकतीसाठी ती अप्पांकडे गेली. अप्पांनी आधी चष्मा शोधला, मग पेन शोधलं, मग ते दोन्ही बाजूला ठेवून बोलायला सुरुवात केली. आपण जुन्या वळणाचे नाही, आपली स्वतःची काही हरकतच नाही, पण लोक असतात, असं ते म्हणाले. लोक म्हणजे नक्की कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. कॉलनीत अप्पांखेरीज खोकणारं दुसरं कुणी नव्हतं. या लोकांच्या वतीने त्यांनी अटी घातल्या. सुरुवात अभंगाने व्हावी. समोर बापूसाहेबांचा फोटो असावा, म्हणजे बघणाऱ्याला प्रसंगाचं भान राहील. विमलबाईंनी पुढे बसू नये. आणि सुशीला ठीक, पण भज्यांचा घाणा नको.

"आई पुढं नाही बसणार, तर कार्यक्रम कुणासाठी आहे अप्पा?" तनुजाने विचारलं.

"बापूसाहेबांसाठी," अप्पा म्हणाले आणि सही केली.

मंडपाची गरज नव्हती. पण अप्पांनी सांगितलेला फोटो ठेवायचा तर स्टेज हवं, स्टेज आलं तर वर कापड हवं, या हिशेबाने मंडपवाला भुजंग आला. भुजंग हा भला माणूस. त्याने बापूसाहेबांच्या तेराव्याचा मंडप घातला होता, कॉलनीतल्या शेवटच्या लग्नाचाही त्यानेच घातला होता, आणि दोन्ही वेळी त्याने सारखाच जीव लावून काम केलं. त्याने अंगण पावलांनी मोजलं, "ताई, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, मला समजून राहिलं सगळं," असं म्हणाला आणि निघून गेला. जगात एखाद्याला सगळं समजलं की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

कार्यक्रमाच्या शनिवारी दुपारी तनुजा यज्ञेशच्या साथीला ठरवलेल्या तबलजीला स्टेशनवरून घेऊन आली आणि फाटकातच थबकली. अंगणावर पांढराशुभ्र मंडप उभा होता. वर पांढरं, बाजूला पांढरं, स्टेजवर पांढरी चादर, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. आपल्याकडे रंगीत कापड लग्नाचं आणि पांढरं दिवसांचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घर दुखवट्यातलं, म्हणून भुजंगने न सांगता, आपल्या समजुतीनं, पांढरं आणलं होतं. वर अप्पांनी स्वतः उभं राहून स्टेजच्या मधोमध फोटो ठेवला होता. त्याला एवढा मोठा हार घातला होता, की बापूसाहेब कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी बसल्यासारखे आणि भाषणाची पाळी येण्याची वाट पाहत असल्यासारखे दिसत होते.

बदलायला वेळ नव्हता. भुजंगकडचं रंगीत कापड त्याच वेळी मागच्या मंगल कार्यालयात लग्न लावत होतं.

माणसं आली ती बिचकत आली. निरोप गाण्याचा, मंडप श्राद्धाचा. काहीजण फाटकापर्यंत हसत आले आणि आत पाऊल टाकताच गंभीर झाले. एका जोडप्याने आणलेला गजरा पर्समध्ये परत गेला. जो तो तनुजाचा हात हातात घेऊन "सावर स्वतःला" म्हणू लागला. ती आठ महिने सावरलेलीच होती. आता इतक्या जणांनी सांगितल्यावर तिला आपण कुठे कलंडतोय का अशी शंका यायला लागली. उज्वलाताई प्रत्येकाला दीर्घ श्वास घ्यायला सांगत फिरत होत्या. विमलबाईंना अप्पांनी दाराआडच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिथून त्यांना स्टेजचा एक खांब दिसत होता.

यज्ञेशने मंडप पाहिला, फोटो पाहिला आणि पंधरवड्यात प्रथमच तोंड उघडून तनुजाला म्हणाला, की माझ्या सगळं लक्षात आलंय. हेही समजणारंच निघालं. त्याने वहीतली खुशीची गाणी एकेक करून खोडली. मग अभंग झाला. मग एक गझल झाली. ती इतकी सावकाश होती, की तबलजी सम शोधत शोधत खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोचल्यासारखा दिसू लागला. यज्ञेशचा ताल हा त्याच्या खात्यातल्या पाण्यासारखा होता. वर सोडलेला खाली कधी पोचेल याची हमी नसे.

दुसऱ्या गझलेच्या मध्यावर गल्लीच्या तोंडाशी जीप थांबल्याचा आवाज आला.

झालं होतं असं, की कुणीतरी जाता-येता पांढरा मंडप बघून उदगीरला फोन केला, बापूसाहेबांचं वर्षश्राद्ध आजच उरकून राहिलेत, तुम्हाला सांगितलं नाही का म्हणून. उदगीरला केवळाबाई राहायच्या. बापूसाहेबांच्या थोरल्या बहीण, तनुजाच्या आत्या. लग्नाला बोलावलं नाही तर माणूस चार वर्षं रुसतं. श्राद्धाला बोलावलं नाही तर ते जीप करून येतं. केवळाबाई सून, दोन जावा, विमलबाईंसाठी साडी आणि टॉवेल-टोपी घेऊन निघाल्या होत्या.

जुन्या बायांची रीत अशी, की दुःखाच्या घरी जाताना गल्लीच्या कोपऱ्यापासूनच गळा काढायचा. केवळाबाई त्यात पंचक्रोशीत नावाजलेल्या. त्यांचं रडणं नुसतं रडणं नसे. त्याला धृपद असे, मग गेलेल्याचा एकेक गुण, मग पुन्हा धृपद. "माझ्या बापू रंऽ, बहिणीला सोडून कसा गेला रंऽ" असं करत त्या फाटकातून आत आल्या, मागे जावांनी सूर धरला, आणि यज्ञेश गाता गाता थांबला.

तबलजी मात्र थांबला नाही. त्याचा दोष नव्हता. तासभर बेतालात बुडत असलेल्या माणसाला अचानक कुणी पक्क्या लयीत भेटलं, की हात आपसूक जातो. "कसा गेला रंऽ" वर त्याने अचूक सम दिली. पुढच्या कडव्याला ठेका धरला. केवळाबाईंनी बापूच्या मनगटाचं पाणी, बापूची अक्कल, बापूनं भाऊबिजेला नेसवलेलं लुगडं असं सगळं त्या ठेक्यावर सांगितलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्या गप्प झाल्या. तबला आणखी दोन ठोके देऊन गप्प झाला. मंडपात चाळीस माणसं होती आणि मागच्या कार्यालयातला डीजेसुद्धा नेमका जेवायला गेला होता.

"कोण वाजवून राहिलं?" केवळाबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी तनुजाकडे पाहिलं. तनुजाला जमीन दुभंगावी असं वाटलं नाही. कारण ती दुभंगली असती तरी अप्पांनी तिथेही खुर्च्या लावल्या असत्या. अप्पा पुढे झाले आणि आपण आधीच सांगितलं होतं, असं सांगायला लागले.

तेवढ्यात विमलबाई दाराआडून उठल्या. त्या चालत आल्या त्या थेट पहिल्या रांगेपर्यंत आल्या आणि नणंदेसमोर उभ्या राहिल्या.

"आक्का," त्या म्हणाल्या, "वर्षश्राद्ध न्हाई हे. आज शनिवार हाय."

"मंग?"

"हे दर शनिवारी गाणं लावायचे. आठ म्हैने झाले, या घरात शनिवारच आला न्हाई. पोरीनं आणलाय लातूरहून."

केवळाबाईंनी मंडपाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, यज्ञेशकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कॉलनी श्वास रोखून उभी होती. उज्वलाताईंनी तो सोडा म्हणूनही कुणाला सांगितलं नाही. मग केवळाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"मंग तसं सांगायचं न्हाई का गं? उदगीरपासून रडत आले की मी. घसा बसला माझा." आणि भावजयीच्या शेजारच्या खुर्चीत बसत त्यांनी स्टेजवर फर्मान सोडलं. "ए बाबा, बापू असलं मरतुकडं ऐकत नव्हता. कव्वाली म्हण."

यज्ञेशने घशाला हात लावला. कव्वाली त्याला येत नव्हती. तेव्हा भुजंगने पेनड्राईव्ह लावला. त्याच्याकडे कापडासारखेच पेनड्राईव्हही दोनच होते. दिवसांचा त्याने आज लावायचं धाडस केलं नाही, त्यामुळे लग्नाचा लागला. पांढऱ्या मंडपात, हार घातलेल्या फोटोसमोर, वरातीच्या बँजोची धून सुरू झाली. तबलजीने ती तत्काळ उचलली. केवळाबाईंची एक जाऊ मघापासून धरलेला रडका सूर सोडायला विसरली होती. तो सूर बँजोत बरा मिसळून गेला.

अप्पा खोकले. एकदा, दोनदा. बँजोपुढे तो खोकला ऐकूच गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो वाया गेला असावा, कारण त्यांनी तोंडावरचा हात काढून त्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ते मागच्या रांगेतल्या खुर्चीत बसले आणि सुशीलाची दुसरी बशी मागितली.

तनुजा चहाच्या पातेल्याजवळ उभी राहून आईकडे बघत होती. विमलबाई डोलत नव्हत्या, हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्या हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या, बास. बँजो संपल्यावर केवळाबाईंनी पुढचं कधी म्हणून विचारलं.

"दर शनिवारी," विमलबाई म्हणाल्या.

तनुजाने मनातल्या मनात हिशेब केला. एका कार्यक्रमात पोलीस, मंडप, ना-हरकत आणि उदगीर एवढं सगळं आटोपलं होतं. हे दर हप्त्याला करायचं म्हणजे नोकरी सोडावी लागली असती. तिचा चेहरा बघून विमलबाई हळूच म्हणाल्या, "माणसं नको बोलवू. नुसतं गाणं लावू."

पुढच्या आठवड्यात वरून कोण साहेब येणार म्हणून लातूरच्या ऑफिसात शनिवारी सगळ्यांना बोलावण्यात आलं. सरकारने दिलेला शनिवार सरकारने परत घेतला. साहेब आलेच नाहीत. दुपारी सुटका झाल्यावर तनुजाने मिळेल ती बस धरली. ती लोह्याला पंक्चर झाली. नांदेडला उतरून ती गल्लीच्या कोपऱ्यावर आली तेव्हा अंधारून आलं होतं.

घरातून गाणं ऐकू येत होतं. बापूसाहेबांचीच कुठलीशी कव्वाली. पाठोपाठ केवळाबाईंचा आवाज आला, अजून मोठं कर म्हणणारा. त्या उदगीरला परत गेल्याच नव्हत्या. फाटकाशी खुर्ची टाकून विरूपाक्षअप्पा बसले होते. आवाज किती बाहेर येतो ते तपासायला, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण त्यांचा एक पाय ठेक्यावर हलत होता.

तनुजा पुढे झाली नाही. ती दिसली असती तर आत्याने तिला जवळ घेऊन गळा काढला असता, अप्पा उठून उभे राहिले असते, आणि आईने गाणं बंद केलं असतं. म्हणून पिशवी पायाशी ठेवून ती तिथेच कोपऱ्यावर थांबली, गाणं संपेपर्यंत.